साध्या तिकिटाचे मोल

टपाल तिकिटे जमवणाऱ्या माणसाला लोक एकच प्रश्न वारंवार विचारतात : ‘याचे किती येतील?’ आम्हालाही तो शाळकरी वयापासून विचारला गेला आहे आणि त्याचे उत्तर आम्ही बहुतेक वेळा बरोबर दिले आहे. असेच एक बरोबर उत्तर आम्ही काही वर्षांपूर्वी चारठाण्याला दिले. त्या उत्तराने जे नुकसान झाले ते भरून येण्यासारखे नाही. तेव्हापासून या प्रश्नाकडे आणि एकूणच ‘किंमत’ या शब्दाकडे आम्ही पूर्वीसारखे पाहू शकलेलो नाही. तो हिशेब साहित्याच्या विद्यार्थ्यांपुढे आणि शिक्षकांपुढे मांडण्याचे कारण पुढे येईलच.

चारठाणा हे परभणी जिल्ह्याच्या जिंतूर तालुक्यातले गाव. प्राचीन मंदिरे, बारव आणि कोरीव दगडी स्तंभ यांसाठी ते अभ्यासकांना ठाऊक आहे. आम्हीही विद्यार्थ्यांना घेऊन गेलो होतो ते मंदिरे पाहायलाच. दुपारी एका विद्यार्थिनीच्या नातेवाइकांकडे चहाला थांबलो. आम्हाला जुन्या कागदपत्रांची आवड आहे असे कुणीतरी सांगितले, तेव्हा घरातल्या आजींनी माळ्यावरची लोखंडी पेटी खाली काढायला लावली. पेटीत तीन पिढ्यांची पत्रे होती. आजींचे सासरे तरुणपणी शिक्षणासाठी हैदराबादेस होते, तिथून त्यांनी घरी लिहिलेली. नंतर सोयरिकी, शेतीचे वाद, बाळंतपणे यांची. आणि सर्वांत वरचा गठ्ठा मुंबईला गिरणीत लागलेल्या दिरांचा. आम्ही वरवर चाळली. खरे सांगायचे तर आमचे डोळे पत्रांवर नव्हतेच, पाकिटांच्या उजव्या कोपऱ्यावर होते. काही दुर्मिळ मिळते का ते आम्ही पाहत होतो. तसे काही नव्हते.

आजींची सातवी-आठवीतली नात शेजारी बसून हे पाहत होती. तिने तो प्रश्न विचारला. ‘सगळी साधी तिकिटे आहेत, बाळ. यांना किंमत नाही,’ आम्ही म्हणालो. आणि मुलीचा चेहरा उतरलेला पाहून पुढे म्हणालो, ‘पण तू जमव जरूर. छंद चांगला आहे.’ एवढ्यावर थांबलो असतो तरी बरे झाले असते. एक पाकीट घेऊन, वाटीत कोमट पाणी मागवून, तिकीट न फाडता कसे सोडवायचे, वर्तमानपत्रावर उपडे कसे वाळवायचे आणि जाड पुस्तकात कसे दाबायचे, हे सर्व आम्ही तिला करून दाखवले.

दीड-दोन वर्षांनी पुन्हा जाणे झाले. या वेळी आम्ही पत्रांसाठी गेलो होतो, कारण दरम्यान एका विद्यार्थ्याने मराठवाड्यातल्या घरगुती पत्रव्यवहारावर काम करायचे ठरवले होते. मुलीने आमच्यापुढे बिस्किटांचा पत्र्याचा डबा ठेवला. ‘सर, तुमच्यासाठी ठेवलेत.’ डब्यात तिकिटे होती. एकूण एक धुतलेली, वाळवलेली, रंगांप्रमाणे लावलेली. आणि पत्रे? घराचे काम निघाले होते, माळा मोकळा करायचा होता, पत्रे बंबात गेली. ‘तुम्हीच म्हणाले होते ना, किंमत नाही म्हणून,’ मुलगी म्हणाली. तिच्या बोलण्यात आरोप नव्हता. आम्ही तिकिटांविषयी बोललो होतो, घरच्यांनी ते पेटीला लावले. आणि सरांना तिकिटे आवडतात म्हणून तेवढी जपून ठेवली. शिकवलेला धडा इतका चोख गिरवणारे विद्यार्थी आम्हाला वर्गात फारसे भेटलेले नाहीत.

आता ‘साधे तिकीट’ म्हणजे काय ते पाहू. टपालखाते दोन जातींची तिकिटे काढते. एक, एखाद्या व्यक्तीच्या वा प्रसंगाच्या स्मरणार्थ काढलेली, जी एकदाच छापतात. दुसरी, वर्षानुवर्षे पुन:पुन्हा छापली जाणारी, रोजच्या पत्रांना लावण्याची. संग्राहक पहिल्या जातीमागे धावतो, दुसरीला तो ‘नेहमीचे’ म्हणून बाजूला सारतो. साहित्याचा माणूस तिकिटांकडे वळलाच तर तोही पहिल्या जातीकडेच वळतो. १९५२ साली संत आणि कवी यांच्यावर सहा तिकिटांची माला निघाली. कबीर, तुलसीदास, मीरा, सूरदास, गालिब आणि रवींद्रनाथ. त्यात एकही मराठी संतकवी नव्हता, याची खंत करणारे लेखन आम्हीही केव्हातरी केले आहे. पण त्याच काळात कोट्यवधी मराठी पत्रांवर जी तिकिटे चिकटत होती, त्यांच्याकडे पाहण्याची बुद्धी आम्हाला झाली नाही. खरे तर ही सगळी तिकिटे आपल्या घरचीच. १९२६ पासून भारताची तिकिटे नाशिकरोडच्या मुद्रणालयात छापली जाऊ लागली; त्यापूर्वी ती लंडनहून छापून येत.

बाजाराचा न्याय सरळ आहे. जे पुष्कळ आहे ते स्वस्त. पहिले टपाल तिकीट म्हणून ज्याचे नाव सर्वतोमुखी असते ते १८४० सालचे ‘पेनी ब्लॅक’सुद्धा सुमारे ६ कोटी ८० लाख छापले गेले होते, म्हणून पहिले असूनही ते दुर्मिळ नाही. स्टॅन्ली गिबन्सच्या प्रसिद्ध सूचीत प्रत्येक तिकिटापुढे किंमत असते. अगदी साध्या तिकिटापुढेही असते. पण ही किमान किंमत तिकिटाची नसून ते शोधून, निवडून गिऱ्हाइकाच्या हाती देण्याच्या श्रमाची आहे, असा खुलासा त्याच सूचीत आढळतो. म्हणजे तिकीट फुकट, हमाली तेवढी द्यायची. आम्ही चारठाण्याला दिलेले उत्तर या हिशेबाने बिनचूक होते.

गंमत अशी की, या बाजारातले सर्वांत महाग तिकीटही जन्माने साधेच होते. ब्रिटिश गियानात १८५६ साली इंग्लंडहून तिकिटे वेळेवर पोचली नाहीत, म्हणून तिथल्या वर्तमानपत्राच्या छापखान्यात काम भागवण्यापुरती तिकिटे छापून घेतली गेली. त्यातले एक सेंटचे किरमिजी तिकीट एका बारा वर्षांच्या मुलाला १८७३ साली घरच्या जुन्या कागदांत सापडले आणि त्याने ते सहा शिलिंगांना विकले. त्याच तिकिटाला २०१४ च्या लिलावात सुमारे ९५ लाख डॉलर आले. बाकीची वापरून फेकली गेली, एवढेच त्याचे कर्तृत्व. दुर्मिळता हा वस्तूचा गुण नसतो. इतरांनी तिच्या भावंडांचे काय केले याची ती नोंद असते.

डब्याकडे परत येऊ. त्यातली सर्वांत जुनी तिकिटे निजामाच्या राज्यातली होती. १८६९ पासून हैदराबाद संस्थानाची स्वत:ची टपाल तिकिटे होती आणि ती संस्थानाच्या हद्दीतच चालत. हद्दीबाहेर, म्हणजे पुण्याला वा मुंबईला पत्र पाठवायचे तर ब्रिटिश हिंदुस्थानचे तिकीट लागे. मराठवाड्यातल्या जुन्या माणसांच्या बोलण्यात ‘हाली’ आणि ‘कलदार’ हे दोन रुपये येतात. सात हाली म्हणजे ढोबळमानाने सहा कलदार. तशीच ही दोन तिकिटे. परभणीत राहून मराठी कविता-कादंबरी लिहिणाऱ्या बी. रघुनाथांच्या पिढीचा विचार या अंगाने आपण कधी केलेला नाही. ज्या भाषेत हा लेखक लिहीत होता, तिची मासिके आणि तिचे प्रकाशक बव्हंशी त्या हद्दीपलीकडे होते. कविता मासिकाकडे धाडायची म्हणजे परक्या राज्याचे तिकीट विकत घ्यायचे. मराठवाड्यातल्या लेखकाच्या एकटेपणाबद्दल आपण वर्गात पुष्कळ बोलतो. त्या एकटेपणाला आण्यांत मोजता येणारा एक दर होता, हे आम्ही तरी कधी बोललेलो नाही.

आणि याच निजामी तिकिटांवर मराठी होती. शिक्षण आणि कारभार उर्दूत चालवणाऱ्या राजवटीला तिकिटाची किंमत मात्र उर्दू, इंग्रजी, तेलुगू आणि मराठी अशा चार भाषांत छापावी लागली होती. कारण उघड आहे. फर्मान एका भाषेत काढता येते, पण तिकीट विकायचे तर घेणाऱ्याला ते वाचता आले पाहिजे. उस्मानिया विद्यापीठ १९१८ साली स्थापन झाले आणि तिथे उर्दू माध्यमातून शिक्षण दिले जाई. त्या हैदराबादेत शिकणारा चारठाण्याचा तरुण घरी पत्र लिहीत होता, तेव्हा पाकिटाच्या कोपऱ्यात सरकारी छपाईची काही देवनागरी अक्षरे त्याच्यासोबत गावी येत होती. नखाएवढ्या जागेतली ही भाषिक तडजोड एकाही दुर्मिळ तिकिटाने आम्हाला शिकवली नसती. ती साध्या तिकिटांवर होती, कारण सामान्य माणूस तीच विकत घेत होता.

डब्यात एक आण्याचे, चारमिनारचे चित्र असलेले तिकीट होते. १९३१ साली निघालेल्या मालेतले हे तिकीट पुढे अनेक वर्षे चालले. १७ सप्टेंबर १९४८ ला हैदराबाद संस्थान भारतात विलीन झाले. पण निजामाची तिकिटे त्या दिवशी संपली नाहीत. १९५० साली भारतीय तिकिटांनी त्यांची जागा घेईपर्यंत ती वापरात होती. मग डब्यातले हे चारमिनार कधीचे? रझाकारांच्या धामधुमीतले की मुक्तीनंतरचे? तिकिटावर शिक्क्याचा पाव भाग आला आहे, तारीख असलेला भाग पाकिटावर राहिला. सूचीच्या दृष्टीने दोन्हींची किंमत सारखीच. वाचकाच्या दृष्टीने मात्र दोन्हींत एका राज्याचा शेवट आहे. पाकीट असते तर तो तरुण त्या वर्षी कुठून लिहीत होता, पत्र किती दिवसांनी पोचले, वाटेत कुठल्या कचेरीचा शिक्का पडला, हे सगळे मागेपुढे पाहून कळले असते. टपालाच्या शिक्क्याचा अर्धा भाग तिकिटावर आणि अर्धा कागदावर पडतो तो तिकीट पुन्हा वापरता येऊ नये म्हणून. दोन्ही मिळूनच ती तारीख पुरी होते. तिकीट सोडवणारा संग्राहक आणि पाकीट फेकून पत्र ठेवणारा अभ्यासक, दोघेही अर्धी तारीख घेऊन घरी जातात.

त्यानंतरच्या तिकिटांत अजिंठ्याचा हत्ती होता, एक-दोन नव्हे, चांगले वीस-बावीस. १५ ऑगस्ट १९४९ ला स्वतंत्र भारताने नेहमीच्या वापरासाठी सोळा तिकिटांची माला काढली, तिचा विषय होता पुरातन शिल्पे आणि वास्तू. त्यातले सर्वांत कमी किमतीचे, तीन पैचे तिकीट म्हणजे हा अजिंठ्याचा हत्ती. नऊ पैवर घारापुरीची त्रिमूर्ती. आता गंमत पाहा. निजामाच्या १९३१ च्या मालेतही अजिंठा होता. अजिंठा तेव्हा त्याच राज्यात होता. तिथे लेण्यांच्या प्रवेशद्वाराचे चित्र आठ आण्यांच्या तिकिटावर होते. साध्या पत्राला आठ आण्यांचे तिकीट कोण लावणार? राजाच्या मालेतला अजिंठा जाडजूड पार्सलांच्या वाट्याला गेला होता. प्रजासत्ताकाच्या उंबरठ्यावर तोच अजिंठा जुन्या एका पैशाला आला. हे मुद्दाम योजलेले होते असे आम्ही म्हणत नाही. पण ज्यांनी अजिंठा उभ्या आयुष्यात पाहिला नसेल अशा घरांत तो हत्ती वीस-बावीस वेळा येऊन गेला, आणि जीभ लावून चिकटवला गेला, ही कलेच्या प्रसाराची गोष्ट आहे; आमच्या सौंदर्यशास्त्राच्या अभ्यासक्रमात ती बसत नाही, एवढाच तिचा दोष.

तिसऱ्या थरातल्या एका तिकिटापाशी आम्ही सर्वांत जास्त वेळ थांबलो. पाच पैशांचे आहे. बांगलादेशच्या मुक्तिसंग्रामात लाखो निर्वासित भारतात आले, तेव्हा त्यांच्या मदतीसाठी सरकारने टपालावर पाच पैशांचा जादा आकार बसवला. १५ नोव्हेंबर १९७१ पासून ३१ मार्च १९७३ पर्यंत पत्राला नेहमीच्या तिकिटाखेरीज हे निर्वासित साहाय्याचे तिकीट लावावे लागे. सुरुवातीला नवे तिकीट छापायला सवड नव्हती, म्हणून कुटुंबनियोजनाच्या पाच पैशांच्या तिकिटावरच ‘रेफ्युजी रिलीफ’ ही अक्षरे उमटवून काम चालवले. मग स्वतंत्र तिकीट आले. कोट्यवधींनी छापलेले हे तिकीट कुठल्याही जुन्या अल्बमात सापडते आणि कुणी ते फुकटही घेत नाही.

आता या तारखा पुन्हा पाहाव्यात. १९७२ साली महाराष्ट्रात भीषण दुष्काळ पडला आणि मराठवाड्याला त्याची झळ फार बसली. खडी फोडण्याच्या कामांवर गावेच्या गावे होती. म्हणजे मुंबईच्या गिरणीतला दीर दुष्काळात सापडलेल्या घरी पत्र धाडत होता, तेव्हा पाकिटावर दूरच्या पूर्वेकडल्या निर्वासितांसाठी पाच पैसे भरत होता. त्याला त्याबद्दल काय वाटत होते? त्याने पत्रात तसे काही लिहिले होते का? की न वाचता, न बघता दोन तिकिटे चिकटवून तो मोकळा झाला? या प्रश्नांची उत्तरे त्या पेटीत होती असा आमचा दावा नाही. पण असती तर तिथेच असती. एका माणसाची अडचण आणि दुसऱ्या माणसाची अडचण एकाच कोपऱ्यात शेजारी शेजारी चिकटलेली, असे ते पाकीट. डब्यात दोन्ही तिकिटे आहेत. वेगवेगळ्या रंगांच्या गठ्ठ्यांत.

साहित्याच्या लोकांना हे ऐकवण्याचे कारण आता सांगतो. पत्रवाङ्मय हा मराठीचा एक श्रीमंत कोपरा आहे. साने गुरुजींची पत्रे आपल्याला वाचता येतात, जी. ए. कुलकर्ण्यांच्या पत्रांचे खंड आहेत, आणि आपण ते शिकवतो. छापील संग्रहात मजकूर असतो, तळटिपा असतात, मान्यवरांची प्रस्तावना असते. पाकिटाची वासलात मात्र क्वचितच कुणी सांगतो. पत्रावर नुसता ‘मंगळवार’ लिहून मोकळे होणारे लेखक मराठीत कमी नाहीत. अशा पत्राचे साल संपादक आतल्या उल्लेखांवरून अंदाजाने ठरवतो, आणि ज्या पाकिटावर तारीख ठसठशीत उमटलेली होती ते बहुधा लेखकाच्या वारसानेच कुणा शेजारच्या मुलाला तिकिटासाठी देऊन टाकलेले असते. शिक्का पुसट असला तरी तिकिटांच्या एकूण किमतीवरून त्या वेळचा टपालदर आणि त्यावरून काळाची पट्टी काढता येते. हे काम साध्या तिकिटानेच होते. कारण हौसेने लावलेले विशेष तिकीट दराशी प्रामाणिक असेलच असे नाही. साधे तिकीट बहुधा नेमके लागते तेवढेच असते. गरजेपेक्षा पाच पैसे जास्त लावणारा माणूस त्या काळी विरळा होता.

वापरणाऱ्यांची बाजूही आपल्या वाङ्मयव्यवहाराशी बांधलेली आहे. नापसंत साहित्य परत हवे असल्यास स्वत:चा पत्ता लिहिलेले, पुरेशी तिकिटे लावलेले पाकीट सोबत जोडावे, ही सूचना मासिकांतून वाचत कित्येक पिढ्या लिहित्या झाल्या. ‘साभार परत’ या शब्दप्रयोगात आभार संपादकाचे असत, तिकीट लेखकाचे. आम्हीही असे तिकीट कैक वेळा लावले आहे. कविता पाठवतानाच तिच्या परतीचे भाडे भरून ठेवायचे, यात जी वाङ्मयीन विनम्रता होती ती संगणकाच्या एका कळीने गेली. बरे झाले की वाईट, हे ठरवण्याची ही जागा नव्हे. ज्याची कविता स्वीकारली जाई त्याचे ते तिकीट कुठे जाई, हे कोडे मात्र आम्हाला अजून सुटलेले नाही.

टपालाच्या या साध्या साहित्यावर लोकांनी स्वत:ची एक भाषाही रचली होती. कार्डाचा कोपरा फाडलेला दिसला की वाचण्याआधीच घरात रडणे सुरू होई. लग्नाच्या पत्रिकेला हळद-कुंकवाची बोटे लागत. तिकीट न लावता टाकलेले ‘नॉटपेड’ पत्र पोस्टमनला पैसे मोजून सोडवावे लागे. ते सोडवायचे की नाकारायचे, यावर घरात खल होई. शिक्का मारायचा राहून गेलेले तिकीट वाफेवर सोडवून पुन्हा लावणारे काटकसरी आजोबाही आम्ही पाहिले आहेत. हा कायद्याने गुन्हा आहे आणि आजोबा शिक्षक होते.

संग्राहकाच्या बाजूनेही बोलले पाहिजे, नाहीतर तो अन्याय होईल. तिकीट सोडवून अल्बमात लावणाऱ्या मुलांनीच या कागदांवर प्रथम प्रेम केले. मोठ्या माणसांनी पाकिटासकट सगळे केरात टाकले असते. मुलांनी निदान कोपरा वाचवला. देशांची नावे, नाणी, राजे, पक्षी हे सर्व आम्ही भूगोलाच्या पुस्तकातून शिकलो नाही. शिवाय जाणत्या संग्राहकांनी आपली चूक आमच्याआधी सुधारली आहे. आज टपालाचा इतिहास ही संग्रहाची एक मानाची शाखा आहे आणि तिच्यात पाकीट अखंड ठेवतात, शिक्के वाचतात, मार्ग शोधतात, दर मोजतात. धुतलेल्या साध्या तिकिटाला काही येत नाही. तेच तिकीट योग्य त्या पाकिटावर, योग्य त्या गावाच्या आणि तारखेच्या शिक्क्यासह असेल तर बाजारसुद्धा त्याच्याकडे वळून पाहतो. म्हणजे चारठाण्याला आमचे उत्तर बाजाराच्या हिशेबानेही कच्चेच होते. मघाशी ते बिनचूक होते असे आम्ही म्हटले. ते मागे घेतो.

मागे राहिलो आहोत ते आम्ही मराठीचे शिक्षक. पत्र म्हणजे मजकूर, आणि बाकीचे वेष्टन, अशी आमची समजूत आहे. ग्रंथालयाला कुणा लेखकाचा पत्रव्यवहार भेट मिळाला की पत्रे फायलीत जातात, पाकिटे ‘जागा नाही’ म्हणून जातात. जागेची अडचण खरी आहे, ती आम्ही नाकारत नाही. घरगुती पत्रांत खासगी गोष्टी असतात, कुटुंबाला त्या बाहेर जाऊ द्यायच्या नसतात, हेही खरे आणि योग्य आहे. पण पत्र न देताही पाकीट देता येते, आणि पाकिटाच्या दोन्ही बाजूंचे छायाचित्र घ्यायला आता खिशातला फोन पुरतो. आमच्या विद्यार्थ्यांना आम्ही हल्ली एवढेच सांगतो की, घरी जुनी पत्रे असतील तर काही सोडवू नका, काही कापू नका, पाण्याजवळ नेऊ नका. पत्र ज्या पाकिटातून काढले त्यातच परत ठेवा. आणि कुणी तज्ज्ञ किंमत सांगू लागला तर त्याला चहा द्या आणि पेटी बंद करा.

घाई करायचे आणखी एक कारण आहे. साधे तिकीट आता साधे राहिलेले नाही. टपालखिडकीवर छापील पट्टी चिकटवून देतात. तिच्यावर चित्र नसते. २०२५ साली रजिस्टर्ड पोस्ट ही शतकाहून जुनी सेवाही स्पीड पोस्टात विलीन झाली. एका माणसाने दुसऱ्याला सहज लिहिलेले, नेहमीचे तिकीट लावलेले आणि टपालपेटीत टाकलेले पाकीट आज आमच्या घरी वर्षातून एखादे येते. विशेष तिकिटे मात्र निघतच असतात आणि संग्राहक ती कोरीच घेऊन अल्बमात ठेवतात. म्हणजे आपल्या काळातली दुर्मिळ गोष्ट कोणती ठरणार, हे सांगायला ज्योतिषी नको.

डबा आमच्याकडेच आहे. मुलीने तो परत घेतला नाही आणि आम्हालाही तो सूची उघडून लावावासा वाटला नाही. त्यात एक चौकोनी तुकडा आहे, तो बाकीच्यांसारखा धुतलेला नाही. तो पोस्टकार्डाचा आहे. कार्डावरचे तिकीट छापलेलेच असते, ते पाण्यात सुटत नाही, म्हणून मुलीने कात्रीने कोपरा कापून ठेवला. पुढे शिक्क्याचा तुकडा आहे, त्यात महिना दिसतो, साल नाही. मागे निळ्या शाईत तीन ओळींची सुरुवात आहे. पहिली ‘ती. आई’. दुसरी ‘शि. सा. न.’ तिसऱ्या ओळीत ‘तिकडे पाऊस अजू’ एवढे आहे. तो तुकडा आम्ही दर वर्षी वर्गात फिरवतो. कुणी म्हणते १९७२, कुणी म्हणते मराठवाड्यात हे कुठल्याही वर्षी लिहिले असेल. छापील किमतीवरून आम्ही काही वर्षे गाळून दाखवतो, पण एका सालावर बोट ठेवता येत नाही. मग तुकडा परत येतो आणि आम्ही तो डब्यात ठेवतो.